पाणलोटावरचे आजोळ

(बी. ए. तृतीय वर्ष, भूगोल)

आपल्या कॉलेजात खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातून येणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. पावसाळ्यात ते पहिल्या तासाला उशिरा येतात आणि त्यांच्या वह्यांना ओलीचा वास येतो. "तुमच्याकडे पाऊस जास्त का रे?" असे विचारले तर ते नुसते हसतात. या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, हे मला माझ्या आजोळामुळे ठाऊक आहे. म्हणून ते या लेखात सविस्तर देण्याचा प्रयत्न करतो.

माझे आजोळ भीमगड अभयारण्यातील एका वाडीत आहे. वाडीचे नाव मुद्दाम देत नाही. तिथे सध्या एका प्रश्नावरून घराघरांत दोन मते आहेत. नाव छापले तर उद्या मामांना कोणीतरी विचारील, "तुमच्या भाच्यानं आमच्याबद्दल काय लिहिलंय?" आणि मामांना खाली मान घालावी लागेल. तो प्रश्न कोणता, ते ओघाने येईलच. आधी डोंगर, पाऊस आणि पाणी समजून घेऊ, कारण प्रश्न तिथूनच सुरू होतो.

बेळगावहून चोर्ल्याच्या रस्त्याने निघालो की जांबोटीपर्यंत भाताची शेते आणि काजूच्या बागा लागतात. जांबोटी सोडली की हवा बदलते. कणकुंबीला पोहोचेपर्यंत आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आलेलो असतो, पण चढ सावकाश असल्यामुळे तो जाणवत नाही. पुढे चोर्ला घाटात जमीन एकदम तुटते आणि खाली गोव्याचा सखल प्रदेश दिसू लागतो. सह्याद्रीची ही भिंत पश्चिमेला उभी आहे आणि पूर्वेला उतरती आहे. या एका गोष्टीत तिथल्या पावसाचे गमक आहे.

जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे गोवा ओलांडून या भिंतीवर आदळतात. त्यांना वर चढण्याखेरीज मार्ग नसतो. वर चढणारी हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेला तेवढे बाष्प धरून ठेवता येत नाही, आणि ते पावसाच्या रूपाने घाटमाथ्यावर कोसळते. माथा ओलांडून पूर्वेकडे उतरणारी हवा पुन्हा तापते, कोरडी होते आणि पाऊस झपाट्याने कमी होतो. याला आपण प्रतिरोध पाऊस म्हणतो. ही आकृती परीक्षेत पाच गुणांसाठी सर्वांनीच काढली आहे. पण त्या आकृतीच्या टोकाला कोणाचे तरी घर असते, हे काढताना ध्यानात येत नाही.

आकडे पाहिले म्हणजे फरक समजतो. बेळगाव शहरात वर्षाला सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला सौंदत्तीकडे तो निम्म्यावर येतो. आणि भीमगडच्या परिसरातील आमगाव येथे २०१० साली १०,००० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. म्हणजे एकाच जिल्ह्यात, सव्वाशे किलोमीटरच्या आत, एक गाव पावसाची वाट पाहते आणि दुसरे गाव पाऊस थांबण्याची.

एवढ्या पावसात माणसे राहतात कशी? आजीच्या घराचे छप्पर इतके उतरते आहे की पडवीत शिरताना मोठ्या माणसाला वाकावे लागते. आतल्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या, वर शेणमातीचा गिलावा. ही कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. त्या वर्षी डोंगर निळा-जांभळा होतो आणि मधाला तोटा नसतो. चुलीच्या वर माळ्यावर वर्षाचे भात, नाचणी, सुकवलेली आमसुले, मिठाची गाडगी. धुरामुळे त्यांना कीड लागत नाही आणि छपराचे वासेही टिकतात. मे महिन्यात लाकूडफाटा पडवीत रचून झाला नाही, तर घरातल्या बाईला झोप लागत नाही. कारण जूनमध्ये ओढे भरले की वाडीचा जगाशी संबंध साकवाच्या दोन लाकडांवर उरतो, आणि तीही कधी कधी वाहून जातात. आजारी माणसाला बांबूला घोंगडी बांधून डोलीतून न्यावे लागते. माझ्या मामींना बाळंतपणासाठी पावसाळ्यापूर्वीच खानापुरात आणून ठेवले होते. त्याला तिथे काळजी म्हणत नाहीत, रीत म्हणतात.

आता पाण्याकडे येऊ. मलप्रभा नदी कणकुंबीला, माऊली देवीच्या देवळाजवळ उगम पावते. ती पूर्वेला वळते, खानापूरवरून सौंदत्तीच्या रेणुकासागर जलाशयात जाते आणि सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास करून कूडलसंगमला कृष्णेला मिळते. कन्नड विभागातील मित्रांना कूडलसंगम बसवेश्वरांमुळे वंदनीय आहे. त्या संगमातले एक पाणी आमच्या डोंगरातून निघते, हे त्यांनी जरूर ध्यानात ठेवावे. पुढे कृष्णेबरोबर ते बंगालच्या उपसागराला मिळते.

याच डोंगरात, देगावच्या बाजूला, म्हादई उगम पावते. ती मात्र पश्चिमेला वळते, घाट उतरते, गोव्यात तिचीच मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. कणकुंबीजवळचा कळसा नाला म्हादईचा आणि तिथलीच मलप्रभा कृष्णेची. दोघींमध्ये एक साधा माळ आहे. त्या माळावर पडलेल्या पावसाचा एक थेंब पूर्व समुद्राला जातो, तर शेजारचा पश्चिम समुद्राला. अशा रेषेला भूगोलात पाणलोट-विभाजक म्हणतात. लहानपणी आम्ही मामेभावंडे तिथे वहाणेने चर पाडून इकडचे पाणी तिकडे नेण्याचा खेळ खेळत असू.

पुढे समजले की हाच खेळ मोठी माणसेही खेळतात. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवून हुबळी-धारवाडकडे पिण्यासाठी न्यावे, ही कर्नाटकाची जुनी मागणी. म्हादई आटली तर खाली मांडवीत खारे पाणी आत शिरेल आणि तिथले अरण्य, शेती व मासेमारी यांचे नुकसान होईल, हे गोव्याचे म्हणणे. २०१० साली लवाद नेमला गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. कर्नाटकाला १३.४२ टी.एम.सी. (त्यांपैकी कळशातून १.७२ व भांडुऱ्यातून २.१८ वळविण्यासाठी, आणि ८.०२ वीजनिर्मितीसाठी), गोव्याला २४ टी.एम.सी. व महाराष्ट्राला १.३३ टी.एम.सी. एवढ्यावर वाद मिटला नाही, तो न्यायालयात गेला. कोणाचे बरोबर, हे ठरविण्याची माझी योग्यता नाही. मला एवढेच दिसते की धारवाडच्या तहानेवर भाषणे झाली, पणजीच्या मांडवीवर भाषणे झाली. पण उगमाजवळच्या वाडीत उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन किती चालतात, यावर फारसे कोणी बोलले नाही.

दहा हजार मिलिमीटर पावसात पाण्याची टंचाई कशी, असे कोणी विचारील. याचे उत्तर जांभ्या दगडात आहे. घाटमाथ्यावरचे सडे जांभ्याचे आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पाणी पितो आणि खालच्या कठीण थराशी पोहोचल्यावर ते झऱ्यांच्या रूपाने बाजूने सोडून देतो. वर दाट रान असेल तर पानांचा खच आणि मुळे पावसाचा मारा झेलतात, पाणी सावकाश मुरते आणि झरा एप्रिल-मेपर्यंत टिकतो. रान विरळ झाले की तेच पाणी ओढ्याने धो धो निघून जाते आणि झरा फेब्रुवारीत आटतो. आजीच्या वाडीच्या वर देवाचे रान आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, असा दंडक आहे. वाडीचा बारमाही झरा त्या रानाच्या पायथ्याशी आहे. लहानपणी मला वाटे, देव रागीट आहे म्हणून रान राखतात. आता वाटते, हा दंडक घालणाऱ्याला झऱ्याचे शास्त्र माहीत असले पाहिजे.

या रानाची श्रीमंती मोठी आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, किंजळ, नाणा, भेरली माड ही झाडे. शेकरू, धनेश, गवे, अस्वले, बिबटे हे प्राणी. पण भीमगडचे नाव जगाच्या प्राणिशास्त्रात गेले ते एका वटवाघळामुळे. तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथे सापडलेल्या एका मोठ्या कानांच्या वटवाघळाचे १९१३ साली ओल्डफील्ड थॉमस या शास्त्रज्ञाने वर्णन केले आणि मुंबई इलाख्यातील वनाधिकारी व प्राणि-अभ्यासक रॉटन यांचे नाव त्याला दिले. पुढे कित्येक दशके ही जात जगात फक्त याच गुहांत आहे असे समजले जाई. नंतर ती मेघालयात व कंबोडियातही आढळली, तरी तिचे दुर्मिळपण कमी झाले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, हे वटवाघूळ बसलेले आहे.

दुसरे उदाहरण नरक्याचे. हे लहानसे, उग्र वासाचे झाड. गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून वाडीत त्याला कोणी विचारीत नसे. त्याच्या लाकडात कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात, हे बाहेर समजले आणि चोरटी तोड सुरू झाली. झाड मुळासकट उपटून, तुकडे करून पोत्यांतून नेतात. गरीब माणसाला त्यात मजुरी मिळते चार पैशांची. औषध तयार होते दूरदेशी, आणि पकडला जातो तो पोते वाहणारा.

असे हे रान २०११ च्या डिसेंबरात भीमगड वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झाले. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. नाव शिवकालीन भीमगड किल्ल्यावरून. निसर्गाच्या दृष्टीने हे फार चांगले झाले, असे मी भूगोलाचा विद्यार्थी म्हणून निःशंकपणे सांगतो. पण त्या क्षेत्राच्या पोटात दहा-बारा वाड्या आहेत आणि त्यांतली माणसे जाहीरनाम्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणेच उठली. अभयारण्य म्हटले की पक्का रस्ता, विजेच्या तारा, पूल या प्रत्येक गोष्टीला वेगळी परवानगी लागते. गवे भातात शिरतात. मामा माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवतात. वाडीतली तरुण पोरे गोव्यात हॉटेलांत, बेळगावात कारखान्यांत गेली आहेत. जी बाहेर गेली त्यांची लग्ने ठरतात, जी राहिली त्यांची ठरत नाहीत. "रात्री दिवा नाही तिथं पोरगी कोण देणार?" असे मामी म्हणतात, ते खोटे नाही.

म्हणून स्थलांतराचा विषय निघाला. गाव सोडून बाहेर जाण्यास तयार असलेल्या कुटुंबाला १५ लाख रुपये, अशी योजना आली. २०२५ साली तळेवाडीतील कुटुंबांनी तिला मान्यता दिली. तेव्हापासून आजूबाजूच्या वाड्यांत दुसरा विषय नाही, आणि वर म्हटलेली दोन मते ती हीच. माझ्या धाकट्या मामांना जायचे आहे. थोरल्या मामांना जायचे नाही. आजी दोघांचेही ऐकून घेते आणि शेवटी म्हणते, "तुम्ही जावा की. मी झऱ्याकडं बघत बसतो." आमच्याकडे बायकाही बोलताना 'बसतो', 'जातो' म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.

मला वाटले होते की हा प्रश्न जावे की राहावे, एवढाच आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत थोरल्या मामांनी एक पत्र्याची पेटी पुढे ठेवली तेव्हा त्याची दुसरी बाजू समजली. जाणारा असो वा राहणारा, त्याचा त्या जमिनीवर हक्क काय, हे आधी ठरले पाहिजे. हक्क ठरला तर राहणे हे अतिक्रमण ठरत नाही, आणि जायचे झाले तरी माणूस हक्काने बोलू शकतो.

यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. तो थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्याचा उपयोग होईल. अनुसूचित जमातींच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वी वनजमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे वास्तव्य असल्याचे व उपजीविका त्या रानावर असल्याचे दाखवावे लागते. आमच्या वाडीतले लोक अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. म्हणजे पुरावा न्यायचा तो १९३० पर्यंत मागे.

मामांनी एकदा दावा केला होता. 'पुरावा अपुरा' म्हणून तो परत आला. पेटीत काय होते? शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, एक फाटकी पावती. जुने कागद मराठीत, नंतरचे कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येते, पण हाताने लिहिलेले सरकारी कन्नड लागत नाही. कन्नड विभागातील एका मित्राने दोन संध्याकाळी बसून ते मला वाचून दिले. तो नसता तर त्या कागदात आजोबांच्या नावाचा उल्लेख आहे, हे आम्हाला कळलेच नसते. पण तोसुद्धा १९६० नंतरचा निघाला.

मग मी नियम मिळवून वाचले. त्यात पुराव्यांची जी यादी आहे, ती पाहून मी चकित झालो. गॅझेटिअर, जनगणना, नकाशे हे सरकारी कागद तर आहेतच; शिवाय घर, बांध, जमिनीची सपाटणी; विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या जुन्या खुणा; वंशावळ; आणि दावेदाराखेरीज अन्य वृद्ध माणसांचे लिहून घेतलेले निवेदन, हेही पुरावेच. यांपैकी एकाहून अधिक पुरावे लागतात, पण कागदच हवा असा हट्ट धरता येत नाही. म्हणजे ज्याला आम्ही 'म्हाताऱ्यांच्या गप्पा' म्हणत होतो, तो पुरावा होता. मात्र तो लिहिलेला नव्हता.

मी वही घेऊन आजीपुढे बसलो.

"काय लिवून घेतोस रे पोरा? आमचं काय लिवायचं असतंय?"

"तुझी सासू काय सांगायची ते सांग."

आजी लग्न होऊन आली १९६२ च्या सुमारास. तिची स्वतःची आठवण १९३० ला पोचत नाही. पण तिच्या सासूने सांगितलेले तिला पाठ आहे. खालच्या खाचराचा बांध सासूच्या सासऱ्याने घातला. त्याआधी डोंगरावर कुमरी करीत, म्हणजे उतारावरची झाडी तोडून, जाळून, राखेत नाचणी पेरीत. इंग्रजांच्या वनखात्याने त्यावर निर्बंध आणले तेव्हा हे लोक खाली उतरून भाताकडे वळले. बांधाजवळचा फणस तेव्हाचा. देवाच्या रानातला तांदळा त्याहून जुना. आजी बोटे मोडीत पिढ्या मोजत होती आणि मी वंशावळ काढत होतो. सात पिढ्या झाल्या. मध्येच थांबून ती म्हणाली, "एवढं कोण ऐकतंय? आधी विचारलं असतंस तर थोरल्या जावेनं आणि सांगितलं असतं." तिची थोरली जाऊ चार वर्षांपूर्वी वारली. मी तेव्हा बारावीत होतो. सुट्टीत जाऊन आलो होतो, आणि तिला एक शब्दही विचारला नव्हता.

तीन दिवसांत वाडीतल्या व शेजारच्या वाडीतल्या पाच वृद्धांची निवेदने लिहून झाली. बांध, फणस, विहीर, देवस्थान यांचा मी साधा नकाशा काढला. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात शिकलेले सर्वेक्षण प्रथमच कोणाच्या उपयोगी पडले. निवेदने वाचून दाखवताना दोन्ही मामा शेजारी शेजारी बसले होते. धाकटे मामा मध्येच म्हणाले, "मी गेलो तरी हे कागद पाहिजेत मला." थोरले मामा काही बोलले नाहीत. त्यांनी पेटी उघडून निवेदने आत ठेवली. दावा पुन्हा दाखल झाला आहे, निर्णय यायचा आहे.

मी स्वतः कोणत्या मताचा, असे कोणी विचारील. वटवाघळाची गुहा राहिली पाहिजे, झरा राहिला पाहिजे, हे मला मान्य आहे. पण ज्यांनी देवाच्या नावाने ते रान इतकी वर्षे राखले, त्यांना त्या रानाचे शत्रू समजून बाहेर काढू नये. त्यांना जायचे असेल तर योग्य मोबदला घेऊन, ग्रामसभेत स्वतः ठरवून जावे. राहायचे असेल तर पावसाळ्यात डोलीऐवजी साकवावरून चालत जाता येईल एवढे तरी मिळावे. साकवाने अभयारण्य बुडत नाही.

वाचकहो, शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांची घरे खानापूर, चंदगड, सत्तरी भागात आहेत. घरी जाल तेव्हा एक वही न्या. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा आणि बांध कोणी घातला, झाड कोणी लावले, पाणी कुठून आणीत, एवढेच विचारा. तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव लिहा, अंगठा किंवा सही घ्या. कन्नड कागद लागला तर कन्नड विभागात मित्र आहेत, मराठी कागद त्यांना लागला तर आपण आहोत. १८८४ चे बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटिअरही मिळवून चाळा. त्यात आपल्या बाजूचा एखादा उल्लेख सापडला तर तोही उतरवून घ्या.

आजीची वही माझ्याजवळ आहे. तिच्यात अजून बरीच पाने कोरी आहेत. मे महिन्यात, ओढे भरण्यापूर्वी, मी पुन्हा जाणार आहे.